चौदाचा पाना

मी एक जुनी मोटारसायकल आहे, मित्रांनो. पण मेडशीला आमच्या अंगणात याल तर आधी मी दिसणार नाही, माझ्या सीटवर बसलेली कोंबडी दिसेल. मध्यंतरी तिने तिथे अंडंसुद्धा घातलं. माझ्या एका आरशाला कांद्याची वेणी टांगली आहे आणि दुसरा आरसा नाहीच. येणारे-जाणारे विचारतात, हिला भंगारात का देत नाही? मी ऐकून घेते. भंगारवाल्यावर माझा राग नाही. तो बिचारा लोखंडाला लोखंड म्हणतो आणि काट्यावर ठेवतो. माझा राग घरातल्या माणसांवर आहे आणि तो का आहे, तेच आज सांगायला बसले आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर त्या छपरीतल्या नव्या गाडीकडे जा. ती बटण दाबलं की बोलते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. जन्माचं कोणाला आठवतं? आठवतो तो अकोल्याचा पाडवा. त्या साली सोयाबीन चांगलं झालं होतं आणि या घरचे कर्ते पुंजाजी नवं धोतर नेसून मला न्यायला आले होते. मला झेंडूचा हार घातला, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग पुंजाजी माझ्यावर बसले आणि पातूर मागे टाकून आम्ही घाट चढलो. घाटमाथ्यावर शेंदूर फासलेली एक देवी आहे. तिथे पुंजाजींनी हॉर्न वाजवला आणि चालत्या गाडीवरूनच मान झुकवली. त्या हॉर्नचा आवाज दरीत जाऊन परत आला तेव्हा मला वाटलं, आपल्याला कोणीतरी ओ दिली.

त्याच साली आखाडात पुंजाजींच्या बायकोला, गोजराबाईंना, कळा सुरू झाल्या. जीप मिळेना. चिखलातून, पावसातून मालेगावच्या दवाखान्यापर्यंत मीच त्यांना नेलं. एकदासुद्धा बंद पडले नाही. परत येताना गोजराबाईंच्या पदरात वैष्णवी होती. म्हणून मी तिला माझ्या बरोबरीची समजते. ती रांगायला लागली तेव्हा माझ्या चाकाला धरून उभी राहिली. मोठी झाली तशी माझ्या टाकीवर बसून, दोन्ही आरसे धरून, तोंडाने "भुर्रर्र" करत शेतापर्यंत यायची. तिचा मोठा भाऊ भागवत मागे बसायचा आणि "मले पुढं बसू द्या" म्हणून रडायचा. तेव्हा त्याला पुढे बसू दिलं असतं तर बरं झालं असतं, असं मला हल्ली वाटतं.

मी काय काय वाहिलं ते विचारू नका. दुधाच्या कॅना, युरियाची पोती, फवारणीचा पंप, लग्नाचा आहेर, एकदा तर आजारी बकरी. दसऱ्याला माझी पूजा व्हायची. पुंजाजी पारावर बसून सांगायचे, "माहे दोन बैल एकीकडं आन् ही एक गाडी एकीकडं." कौतुक कोणाला आवडत नाही? मी फुगून जायची.

मग भागवत मोठा झाला आणि त्याने हट्ट करून नवी गाडी घेतली. रुंद टायर, फुगलेली टाकी, आवाज असा की म्हशी दूध चोरतात. मला अंगणाच्या कडेला कडुनिंबाखाली उभं केलं. दसऱ्याचा हार तिच्या गळ्यात आणि उरलेली दोन फुलं माझ्या हँडलला. गरज सरो नि वैद्य मरो. मी त्याचंही फार वाईट वाटून घेतलं नाही. म्हातारपण सगळ्यांना येतं.

मला त्या झाडाखालून बाहेर काढलं वैष्णवीने. ती वाशीमला राहून रक्त-लघवी तपासायचा कोर्स शिकत होती. सुट्टीत घरी आली की मला धुवायची, साखळीला तेल द्यायची, किक मारून मारून घामाघूम व्हायची. मला चालवायलाही ती स्वतःच शिकली, शेताच्या पांदणीत, मागे गोजराबाईंना बसवून. गोजराबाईंच्या एका हातात जेवणाचा डबा आणि दुसऱ्या हातात लेकीची कंबर. "हळू वो माय, हळू!" असं त्या ओरडायच्या आणि पोट धरून हसायच्याही. गावातल्या देवमन मिस्त्रीकडे जाऊन वैष्णवी माझं दुखणं-खुपणं समजून घ्यायची. मागचा ब्रेक कसा कसायचा ते त्यानेच तिला दाखवलं. सळईच्या टोकाला एक नट असतो, त्याला चौदाचा पाना लागतो. तो पाना माझ्या बाजूच्या डब्यात कायम असायचा. "पेडल जरासं खाली गेलं पाह्यजे आन् लगेच पकडलं पाह्यजे," देवमन सांगायचा. वैष्णवीने लायसन्सही रीतसर काढलं.

कोर्स संपला आणि मालेगावच्या एका लॅबवाल्याने तिला कामावर यायला सांगितलं. सकाळी गावोगाव जाऊन म्हाताऱ्या माणसांचं, बाळंतिणींचं रक्त घ्यायचं आणि ते लॅबमध्ये पोचवायचं. अट एकच, गाडी स्वतःची हवी. पोरीच्या डोळ्यांत काय आनंद होता म्हणून सांगू! ती थेट येऊन माझ्या सीटवर बसली आणि तिथूनच पुंजाजींना हाक मारली.

पुंजाजींनी लगेच नाही म्हटलं नाही. ते वाईट नव्हते, मित्रांनो. नुसते वाईट असते तर मला इतकं बोलावं लागलं नसतं. ते मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "पोरीच्या जातीनं एकटं गावोगाव हिंडाचं? लोक काय म्हनतीन?"

"लोकायचंच रक्त घ्याले जाऊन राह्यली बाबा, काई म्हनत नाई ते," वैष्णवी म्हणाली.

पुंजाजी हसले. मग म्हणाले, "घाट उतरून दाखव. मंग गाडी तुही आन् नोकरीबी तुही."

हे आमच्याकडचं जुनं खूळ आहे. ज्याने घाटमाथ्यावरच्या देवीला हॉर्न दिला आणि गाडी न पाडता घाट उतरला, तो गाडीवाला. बाकीचे सगळे गाडी ढकलणारे. सरकारचं लायसन्स खिशात असलं तरी मेडशीच्या पारावर ते चालत नाही. पुंजाजी उतरले होते, भागवत उतरला होता. पोरीने कोणी उतरल्याचं मात्र कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

दरवर्षी रंगपंचमी झाली की भागवत आणि त्याचे दोस्त गाड्या घेऊन दिवसभर डोंगरात हिंडतात. यंदा त्यांच्यासोबत वैष्णवी जाईल असं ठरलं. भागवतने नाक मुरडलं. "तुह्या त्या खटाऱ्याच्या मागं आमी कुठं थांबत बसाचं?" पण बापाचा शब्द होता, म्हणून तो गप्प बसला.

निघायच्या आदल्या दिवशी वैष्णवीने माझं ऑइल बदललं, हवा भरली, ब्रेक स्वतःच्या हाताने कसला आणि अंगणात चार वेळा तपासून पाहिला. मी सांगते, त्या दिवशी माझ्यात काहीही खोट नव्हती. हे वाक्य ध्यानात ठेवा.

सकाळी आम्ही निघालो. पुढे भागवत, मग त्याचे दोस्त राजपाल आणि हरीओम, मागे आणखी दोन-तीन पोरं आणि शेवटी मी नि वैष्णवी. मोठा रस्ता सोडून आम्ही जंगलातल्या जुन्या रस्त्याला लागलो. आमच्या दऱ्या काही जगात गाजलेल्या नाहीत, पण फाल्गुनात तिथे यावं आणि मग बोलावं. साग उघडाबोडका उभा असतो, खाली वाळल्या पानांचा हा थर, आणि त्या सगळ्या करड्या डोंगरांत पळस पेटलेला. मोहाच्या फुलांचा वास गाडीच्या धुरातूनही येतो. दोन्ही बाजूंना खडकाच्या भिंती जवळ येतात आणि रस्ता त्यांच्यामधून वाकत वाकत जातो. आमचा आवाज त्या भिंतींवर आपटून दुप्पट होत होता आणि वानरं झाडावरून शिव्या देत होती. वैष्णवी गात होती. तोंडातल्या तोंडात, पण टाकीला तिचे गुडघे टेकलेले असल्यामुळे मला कळत होतं. इतकी वर्षं त्या रस्त्याने गेले, पण ती सकाळ वेगळी होती.

दुपारी एका नाल्याकाठी सगळे थांबले. पोरांनी गोवऱ्या आणल्या होत्या, त्यांवर कणकेचे रोडगे भाजायचा बेत होता. आणि आता गंमत बघा. मुलगी गाडी चालवत आली होती, सगळ्यांच्या बरोबरीने धूळ खात आली होती. पण गाड्या थांबल्याबरोबर कणकेची परात आपोआप तिच्यापुढे आली.

"तुले येते नं मळता," राजपाल म्हणाला.

"गाडीबी येते," ती म्हणाली. पण बाह्या सारून कणीक मळायला बसली. भुकेल्या माणसांशी कोण भांडणार?

जेवणं झाल्यावर ती नाल्यावर भांडी घासायला गेली आणि पोरांनी त्यांचा दरवर्षीचा खेळ काढला. त्याला ते मुकी शर्यत म्हणतात. तिथे एक लांबच लांब सौम्य उतार आहे. सगळ्यांनी आपली गाडी बंद करायची, न्यूट्रलमध्ये टाकायची आणि सोडून द्यायची. ब्रेक लावायचा नाही, पाय टेकायचा नाही. ज्याची गाडी सगळ्यांत लांब जाऊन आपसूक थांबेल तो जिंकला. भागवतने नवी गाडी सोडली. ती जाडजूड बाई निम्म्या वाटेतच थांबली.

राजपाल ओरडला, "तुह्या गाडीत नुसता आवाज हाय रे! तुह्या बाबाची जुनी बरी होती!"

भागवतचं तोंड उतरलं. मागे तो माझ्यावर बसून ही शर्यत जिंकलेला होता. माझी चाकं अरुंद, अंग हलकं, मी घरंगळते छान. तो तरातरा माझ्याकडे आला. पण मला ढकलून पाहतो तर मागचं चाक जरा जड. वैष्णवीने ब्रेक नीट कसला होता ना, ब्रेकचा लायनर चाकाला किंचित घासत होता. त्याने माझा डबा उघडला आणि चौदाचा पाना काढला.

नाल्यावरून वैष्णवीने पाहिलं. "दादा, पाना कायले पाह्यजे?"

"चेन ढिली वाटून राह्यली," तो म्हणाला.

आणि तो माझ्या मागे उकिडवा बसला. हरीओमने हँडल धरलं. भागवतने नट उलटा फिरवला. एक फेरा, दोन फेरे, आणखी, आणखी. नट सळईच्या अगदी टोकावर आला. पाना त्याने पँटच्या खिशात टाकला आणि माझ्यावर बसला. मी जिंकले, मित्रांनो. सगळ्या गाड्यांच्या पुढे गेले. पोरांनी आरडाओरडा केला, माझ्या हँडलला पळसाची फुलं खोचली. शर्यत जिंकल्यावर तो नट परत कसायचा असतो, हे भागवतला ठाऊक होतं. पण राजपाल त्याच्या पाठीवर थापा मारत होता आणि तो हसत होता आणि त्या हसण्यात तो विसरला.

मी ओरडले नाही, कारण मला जीभ नाही. हॉर्न आहे, पण तो दुसऱ्याच्या बोटावर चालतो.

तिथून घाटमाथ्यापर्यंत सगळा चढच, त्या ब्रेकवर पाय ठेवायची वेळच आली नाही. घाटमाथ्यावर सगळे थांबले. रीत अशी की जो पहिल्यांदा उतरतो तो सगळ्यांच्या पुढे. बाकीचे मागून साक्षीदार. वैष्णवीने ओढणी कमरेला गाठ मारून बांधली, देवीला हॉर्न दिला आणि डोळे मिटले. तिने काय मागितलं ते मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे.

पहिल्या वळणावर तिने ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल थेट खाली गेलं. काही लागलंच नाही. तिने पाय उचलून पुन्हा दाबला. पुन्हा तेच. तिचं अंग ताठ झालेलं मला कळलं. एखादा दुसरा असता तर पुढचा ब्रेक गच्च दाबून तिथेच कोलमडला असता. तिने तसं केलं नाही. तिने गेअर खाली टाकला, मग आणखी एक. माझं इंजिन किंचाळलं. मी वेग जितका आवरता येईल तितका आवरला, माझ्या सगळ्या म्हातारपणासकट. दुसरं वळणही तिने काढलं. तिसऱ्या वळणावर डोंगरातून ओघळलेली खडी पसरली होती आणि खालून एसटी चढत होती. एका बाजूला दरी, एका बाजूला डोंगर. तिने मला डोंगराकडे वळवलं. खडीवर माझं चाक सरकलं आणि आम्ही दोघी सागाच्या पाल्यात जाऊन आदळलो. एसटी बाजूने निघून गेली.

मला विचाराल तर घाट तिथेच उतरून झाला होता. ब्रेक नसताना एवढं उतरणारा गाडीवाला पुंजाजींच्या पारावर एकही नाही.

तिचं उजवं मनगट मोडलं होतं. भागवत धावत आला, तिला उचललं, तिच्या कोपराचं रक्त त्याच्या पँटला लागलं. तो खरोखर घाबरला होता, हे मी नाकारत नाही. त्याने तिला झाडाखाली बसवलं. "ब्रेक लागला नाई दादा, ब्रेक लागलाच नाई," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. हे ऐकलं आणि त्याचा हात खिशावर गेला.

तो माझ्याकडे आला, मागच्या चाकाशी उकिडवा बसला. राजपाल आणि हरीओम येऊन दोन्ही बाजूंना उभे राहिले, वैष्णवीला दिसू नये असे.

"सांगून टाक," हरीओम हळूच म्हणाला.

"येडा हायेस का?" राजपाल म्हणाला. "याचा बाप नवी गाडी इकून टाकीन. आन् सांगून तिचा हात जुळनार हाय का?"

भागवतने खिशातून पाना काढला. त्याने नट फिरवायला सुरुवात केली. भीतीने फिरवत गेला, नको इतका कसला. मग पाना पुन्हा खिशात. डब्यात ठेवायचं भान नव्हतं, की धीर नव्हता, देव जाणे. वैष्णवीला एका जीपमध्ये बसवून मालेगावला नेलं आणि मला भागवतने स्वतः चालवत घरी आणलं. घासून घासून माझा लायनर जळला. अंगणात शिरलो तेव्हा पुंजाजी म्हणाले, "वास कायचा येऊन राह्यला?"

"घाटाचा," भागवत म्हणाला.

संध्याकाळी वैष्णवी प्लास्टर घालून घरी आली. आल्या आल्या तिने सांगितलं, "बाबा, ब्रेक लागलाच नाई. पेडल पार खाली गेलं."

पुंजाजी उठले. माझ्याजवळ आले. पेडलवर पाय ठेवला. पेडल जागचं हललं नाही इतकं घट्ट. त्यांनी मला चार पावलं ढकललं आणि ब्रेक दाबला. माझं चाक जागीच थांबलं आणि अंगणात टायरची रेघ उमटली. त्यांनी त्या रेघेकडे पाहिलं, मग पोरीकडे पाहिलं.

"हा तं लागते," ते म्हणाले. "ब्रेक लागते बाई. तुहा पाय लागला नाई."

वैष्णवी स्वतः आली. तिने डाव्या हाताने माझं हँडल धरलं आणि पाय ठेवला. मी तिच्या पायाखाली होते, मित्रांनो. तो पाय आधी गोंधळला आणि मग थंड पडला. आदल्या दिवशी तिने कसलेला ब्रेक असा नव्हता आणि घाटातला तर नव्हताच. तिला सगळं कळलं. तिने माझा डबा उघडला. डबा रिकामा होता.

"दादा, पाना कुठं हाय?"

"कोनता पाना?" भागवत म्हणाला आणि मोबाइलमध्ये पाहायला लागला.

तिने दुसऱ्या दिवशी हरीओमला विचारलं. तो खाली मान घालून म्हणाला, "मले काई आठवत नाई ताई."

लॅबवाला तसा सज्जन. प्लास्टर निघेपर्यंत जागा ठेवतो म्हणाला. पण पुंजाजींनीच त्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. शिवाय पारावर जाऊन सांगितलं. ज्या पारावर माझं कौतुक केलं होतं, त्याच पारावर. "पोरीच्या हाती गाडी देऊ नका बाप्पा. ब्रेक असून दाबता नाई आला. थोडक्यात वाचली." लोकांनी माना डोलावल्या. जे त्यांना आधीच ठाऊक होतं ते आता सिद्ध झालं होतं. दुसऱ्या दोन घरांतल्या मुलींच्या स्कूटीचा विषयही त्यामुळे बारगळला, असं माझ्या कानावर आलं.

तेव्हा मी रात्रंदिवस एकच विचार करायची. मला जीभ असती तर! एकदा, फक्त एकदा बोलता आलं असतं तर मी पुंजाजींना सगळं सांगितलं असतं, आणि त्यांनी ऐकलं असतं, आणि पोरीला तिची नोकरी मिळाली असती. या विचारावर मी ते दिवस काढले. कोंबडी तेव्हापासूनच माझ्यावर बसायला लागली. दवात, धुळीत उभी राहून माझं मागचं चाक जाम झालं. नट इतका घट्ट होता की मला कोणी हलवायचं म्हटलं तरी हलता येत नव्हतं. आणि तो नट सैल करायला भागवत काही येणार नव्हता. नटाला हात लावणं म्हणजे कबूल करणं.

प्लास्टर निघालं. वैष्णवी पुन्हा धुणं धुवायला लागली. कोठीच्या मागे एक पँट बोळा करून कोंबलेली तिला सापडली. गुडघ्यावर तिच्याच रक्ताचा वाळलेला डाग. तिने धुवायच्या आधी खिसे तपासले, बायका तपासतात तसे.

दिवेलागणीला सगळे ओसरीवर जेवायला बसले होते. मी तिथून चार हातांवर. वैष्णवीने वाढता वाढता पुंजाजींच्या ताटाशेजारी तो पाना ठेवला. पँटही आणून ठेवली.

पुंजाजींनी पाना उचलला. उलटसुलट पाहिला. मग भागवतकडे पाहिलं. "हा तुह्या खिशात कसा?"

भागवत ताटातली भाकरी चुरायला लागला.

"बोल नं रे," गोजराबाई म्हणाल्या. "बोल!"

"ढिला केला होता," भागवत ताटाकडे पाहत म्हणाला. "शर्यतीसाठी. कसाचा राह्यला. मंग... मंग भेव वाटलं."

तर झालं. सगळं बाहेर आलं, मित्रांनो. माझ्या जिभेवाचून आलं. गोजराबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मी वाट पाहत होते. आता पुंजाजी उठतील, पोराच्या कानाखाली एक ठेवून देतील, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवतील.

पुंजाजी उठले नाहीत. मग त्यांनी पाना पोरीच्या हातात दिला.

"झालं ते झालं. डब्यात ठेवून दे बाई," ते म्हणाले. "साऱ्या गावात मी सांगत फिरलो. आता पलटून काय सांगू? परवा तुले पाह्याले पाहुने येऊन राह्यले. घरात तमाशा नको."

"मंग लॅबवाल्या सरांले फोन करू मी?" वैष्णवीने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"भाजी वाढ," पुंजाजी म्हणाले.

त्या दिवसापासून मी जीभ मागणं सोडून दिलं. कुठेही जा, पळसाला पानं तीनच. माणसाला खरं कळत नाही, म्हणून तो चुकतो असं मला वाटायचं. पण इथे खरं ताटाशेजारी येऊन बसलं आणि त्याला कोणी पाट दिला नाही.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी वैष्णवी नवी साडी नेसून, केसात गजरा माळून अंगणात आली. कोंबडीला हाकललं. डब्यातून पाना काढला आणि पदर खोचून माझ्या मागे बसली. गंजलेला नट तिने मोडलेल्या मनगटाने फिरवला. कळ येत होती तरी फिरवला. चाक सोडवलं, ब्रेक नीट बेतला, जरासं खाली जाईल आणि लगेच पकडेल असा. हाताचं काळं राखेने धुतलं. पण नखांत राहिलंच.

पाहुणे आले, पोहे झाले. मुलाचा मामा हात धुवायला अंगणात आला आणि सहज म्हणाला, "ही गाडी कोनाची?"

"जुनी हाय, पडून हाय," पुंजाजी घाईने म्हणाले. "कोनी चालवत नाई."

वैष्णवी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "माही हाय. घाटात दादानं ब्रेक ढिला करून ठेवला होता, आज नीट केला."

मामा हसल्यासारखं करून आत गेला. पाहुणे "कळवतो" म्हणून गेले आणि त्यांनी अजून कळवलेलं नाही. पुंजाजी तेव्हापासून पोरीशी धड बोलत नाहीत. लॅबच्या जागेवर दुसरं कोणी लागलं. भागवतची नवी गाडी दिमाखात फिरते आणि पुढच्या रंगपंचमीला पोरं पुन्हा डोंगरात जाणार आहेत.

तुम्हाला वाटेल, आता ही म्हातारी सांगेल की गाडी वेळेवर धुवा, ऑइल बदला, पाना जागच्या जागी ठेवा. ते करा, जरूर करा. पण ते तुम्हाला मिस्त्रीही सांगेल. मी एवढंच मागते, मित्रांनो. तुमच्या घरात कोणी मोडलेला हात घेऊन आली आणि म्हणाली की ब्रेक लागला नाही, तर उठून आधी ब्रेकवर पाय ठेवायला जाऊ नका. आधी तिला विचारा, काय काय झालं. लोखंडाची साक्ष कोणीही कसून बदलू शकतो.

वैष्णवी आता सोयाबीनच्या निंदणाला जाते. जायच्या आधी ती रोज सकाळी कोंबडीला हाकलते, माझ्या ब्रेकवर एकदा पाय ठेवते आणि लागतो का ते पाहते. लागतो. मग ती विळा घेऊन शेताकडे चालत जाते.